उखळ, गिरणी आणि पुडा : आंदर मावळातील अन्नाचा व मनाचा इतिहास

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत भाताच्या गिरणीचा आणि बिस्किटाच्या पुड्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्याला आठवते. परंतु ज्या ताटावर आपण रोज बसतो त्या ताटालाही इतिहास असतो, आणि तो आपल्या शरीरावर लिहिला जातो हे आता सर्वांना मान्य आहे. तो आपल्या मनावरही लिहिला जातो, ही गोष्ट मात्र आपल्या घरांतून अजून फारशी बोलली जात नाही. ती बोलली जावी म्हणून हा लेखप्रपंच.

वाचकहो, प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. वडगाव-कामशेतच्या उत्तरेला आंद्रा नदीचे खोरे आहे. तेच आंदर मावळ. टाकव्यापासून वडेश्वर, खांडी करीत कुसूरच्या घाटमाथ्यापर्यंत ते पसरले आहे. पाऊस मुबलक, म्हणून खाचरांत भात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. दक्षिणेकडून १८६३ साली बोरघाटाची आगगाडी गेली आणि लोणावळा-खंडाळ्याचे रूप पालटले; परंतु आंदर मावळ त्या रुळांपासून एका बाजूलाच राहिले. पुढे १९२२ साली ठोकळवाडीचे धरण पुरे झाले. येथले पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात जाऊ लागले आणि येथल्या पाण्याची वीज मुंबईला मिळाली. भाताची कित्येक खाचरे मात्र तळ्याच्या पोटात गेली. बाहेरच्या जगाशी या खोऱ्याचा संबंध असा आला. ताटातला बदल त्यानंतर सावकाश आला. इतका सावकाश, की तो कोणाच्या ध्यानात आला नाही.

उखळाचे दिवस

आजच्या आजोबा-आजींच्या लहानपणी घरोघर उखळ-मुसळ होते. भात कांडून तांदूळ निघे. हातसडीच्या त्या तांदळावर कोंड्याचा पापुद्रा थोडाबहुत शिल्लक राही, म्हणून तो तांबूस दिसे. जोडीला नाचणीची भाकर, हुलग्याचे कालवण, पावसाळ्यात कुरडू, टाकळा, भारंगी यांच्या रानभाज्या, ओढ्यातले मासे आणि खेकडे. मावळच्या बाजारगावांतील आपल्या तांबोळी, अत्तार, मुलाणी घरांतही रोजचे धान्य हेच होते. ईदचा शीरखुर्मा आणि मोहरमचा खिचडा हे सणाचे पदार्थ. त्या खिचड्यातसुद्धा गहू आणि चार प्रकारच्या डाळी एकत्र शिजत.

तथापि जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई आणि अनेक घरांत अर्धपोटी दिवस काढावे लागत. शिवाय कांडणे आणि दळणे ही दोन्ही कामे स्त्रियांच्या हाडांची पार झीज करणारी होती. पहाटे उठून कांडायला बसणाऱ्या आजीला विचारा; ती उखळाची आठवण काढील, पण उखळ परत मागणार नाही. पूर्वीचे अन्न चांगले होते, पण ते पुरेसे नव्हते आणि फुकटही नव्हते. त्याची किंमत घरातली बाई भरत होती.

पांढऱ्या तांदळाचा धडा

यंत्राची गिरणी आली तेव्हा तिचे स्वागत झाले ते यामुळेच. कामशेत, वडगाव या ठिकाणी भात भरडून मिळू लागले. तांदूळ पांढराशुभ्र निघू लागला, आणि पांढरा तांदूळ म्हणजे प्रतिष्ठा असे समीकरण बनले. परंतु या शुभ्रतेबद्दलचा इशारा जगाला त्याआधीच मिळाला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. पायांतली शक्ती जाणे, नसा बधिर होणे, हृदय थकणे अशी या रोगाची लक्षणे. पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना तसाच रोग होतो आणि कोंडा दिला की तो बरा होतो, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोंड्यातील ते द्रव्य म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व, अर्थात थायमिन. भारतात या रोगाने मुख्यतः किनारी आंध्रात, जेथे कच्चा गिरणीचा तांदूळ खाल्ला जाई तेथे, ठाण मांडले होते. कोकणातल्यासारखा उकडा तांदूळ खाणारे त्यातून बरेचसे वाचले. कारण भात उकडताना कोंड्यातील सत्त्व दाण्याच्या आत उतरते.

येथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकांतून येते. पुढची मात्र सहसा येत नाही. १९४० च्या सुमारास अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी काही स्त्रियांना थायमिन अत्यल्प असलेला आहार काही काळ दिला. हा प्रयोग मनोरुग्णालयातील स्त्रियांवर झाला. आजच्या नीतिनियमांत तो बसणार नाही. पण त्यात दिसले ते असे : पायांतले बळ जाण्याच्या किती तरी आधी त्यांचे मन बिघडू लागले. त्या चिडचिड्या झाल्या, खिन्न झाल्या, कामात लक्ष लागेना, क्षुल्लक कारणावरून भांडणे होऊ लागली. थायमिन पुन्हा दिल्यावर सुधारणा झाली. सांगण्याचे तात्पर्य, अन्नातली उणीव पहिल्यांदा मनाच्या दाराशी येऊन उभी राहते. आणि आपण तिला ‘स्वभाव’ असे नाव देऊन मोकळे होतो.

कुन्नूरचे उंदीर

दुसरा धडा आपल्याच देशातला आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या डॉक्टरांनी आहारसंशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. हीच संस्था पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅक्‌कॅरिसन यांनी शीख, पठाण, मराठा, गुरखा, बंगाली, कानडी, मद्रासी अशा निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांची वाढ मोजली. गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळी, भाज्या असा शिखांचा आहार पहिला आला. तांदळावरच भिस्त असलेला मद्रासी आहार शेवटी राहिला. मराठ्यांचा आहार पहिल्या तिघांत होता, हे मावळच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल.

पण त्यांचा दुसरा प्रयोग अधिक विचार करायला लावणारा आहे. एका गटाला त्यांनी शिखांचा आहार दिला, आणि दुसऱ्याला इंग्लंडमधील गरीब वर्गाचा : पांढरा पाव, मार्गारीन, मुरंबा, डबाबंद मांस, फार उकडलेली भाजी आणि भरपूर साखरेचा चहा. पहिल्या गटातले उंदीर शांतपणे एकत्र नांदले. दुसऱ्या गटातले खुरटले. इतकेच नव्हे तर ते बिथरल्यासारखे वागू लागले, राखणदाराला चावू लागले आणि साठाव्या दिवसापासून आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. ही हकीकत मॅक्‌कॅरिसन यांनी १९३६ साली लंडनमधील व्याख्यानांत सांगितली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरीपण पांढरा पाव, मुरंबा आणि गोड चहा हा आहार आज आपल्या किती घरांत सकाळी दिसतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

याउलट एक सावधगिरीचा दाखलाही दिला पाहिजे. १९६० साली हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या संशोधकांनी दख्खनच्या गरीब ज्वारीखाऊ लोकांतील पेलाग्रा रोगाकडे लक्ष वेधले. या रोगात कातडी काळवंडते, पोट बिघडते आणि मन ढासळते. औदासीन्य, निद्रानाश, कधी भ्रमही होतो. ज्वारी तर आपलीच, घरात दळलेली, कुठलेही रसायन नसलेली! पण जेथे ज्वारीखेरीज दुसरे काही पोटात जात नव्हते, तेथे तीही अपुरी पडली. म्हणजे केवळ ‘घरचे’ एवढे पुरत नाही. ताटात डाळ, भाजी, दूध, अंडी, मासे अशी विविधताही लागते.

वर्ध्याची हाक

डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याला मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम सांभाळले. हातसडीचा तांदूळ, घरचे पीठ, पांढऱ्या साखरेऐवजी गूळ ही त्या संघाची मोहीम होती. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली भातगिरण्यांचे नियमन करणारा कायदा झाला. हातसडीच्या धंद्याला संरक्षण देणे हा त्यामागचा एक हेतू होता. तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. खरे पाहता हातसडी त्याच्या किती तरी आधी मागे पडली होती. कारण उघड आहे. मुसळ उचलणाऱ्या बाईच्या श्रमाला दुसरा पर्याय कोणी दिला नव्हता, तो गिरणीने दिला. म्हणून दोष गिरणीला देऊ नये. दोष असेल तर तो शुभ्रतेच्या हौसेला. त्याच गिरणीतून कमी पॉलिशचा तांदूळही काढता येतो. गिऱ्हाईकाने मागायला मात्र हवा.

पुड्याचे राज्य

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांदेखत घडला. १९३७ मध्ये मुंबईत वनस्पती तुपाचा डालडा आला. बिस्किटे आधी आजाऱ्याचे आणि पाहुण्यांचे खाणे होती, ती हळूहळू रोजच्या चहाची झाली. १९८० च्या दशकात झटपट शेवया आल्या. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, तळेगाव-टाकवे परिसरात कारखाने उभे राहिले, आंदर मावळातला तरुण पाळीवर जाऊ लागला. आता धरणाकाठच्या वाडीतल्या दुकानातसुद्धा वेफर्स, कुरकुरे, क्रीमची बिस्किटे आणि रंगीत पेये यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. पाच-दहा रुपयांत पुडा मिळतो; सरपण नको, वेळ नको, भांडे घासणे नको.

येथे एक शंका विद्यार्थी विचारतील : लोणावळ्याची चिक्कीसुद्धा तयार खाऊच ना? शंका योग्य आहे. ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाची जी नवी वर्गवारी मांडली, तिच्यात याचे उत्तर आहे. गूळ आणि शेंगदाणे एकत्र करून केलेली चिक्की गोड आहे, बेताने खावी हे खरे. पण तिच्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे आणि ती आपण घरीही करू शकतो. उलट ज्या पदार्थात मूळ धान्य ओळखू येत नाही, जो कृत्रिम चव, रंग, पायसीकारक, सुधारित स्टार्च अशा घरात कधी न दिसणाऱ्या द्रव्यांनी बनतो, तो ‘अतिप्रक्रियायुक्त’ अन्नात मोडतो. शिजवणे, दळणे, आंबवणे, वाळवणे याही प्रक्रियाच आहेत. पापड, लोणची, वाळवणे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. भांडण प्रक्रियेशी नाही. अन्नाची ओळखच पुसून टाकणाऱ्या प्रक्रियेशी आहे.

मनावर काय परिणाम होतो?

लंडनमधील ३,४८६ मध्यमवयीन सरकारी नोकरांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तळलेले पदार्थ, प्रक्रिया केलेले मांस, मैद्याचे व गोड पदार्थ यांवर भर असणाऱ्यांत पाच वर्षांनी नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. अमेरिकेतील ३१,७१२ स्त्रियांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे पदार्थ सर्वांत जास्त खाणाऱ्या गटाला सर्वांत कमी खाणाऱ्या गटापेक्षा नैराश्याचा धोका सुमारे निम्म्याने अधिक दिसला. २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जवळजवळ एक कोटी लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा आला, त्यातही चिंता आणि नैराश्य यांचा या अन्नाशी संबंध नोंदला गेला. आपल्या संसदेत ३१ जानेवारी २०२५ रोजी मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालानेही मानसिक स्वास्थ्याच्या संदर्भात या अन्नाची दखल घेतली आहे.

संबंध म्हणजे कारण नव्हे, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. उदास माणूस स्वयंपाक टाळतो आणि पुडा फोडतो, असेही होते. म्हणून ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या ६७ प्रौढांवर प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली आला. काहींना बारा आठवडे आहार सुधारण्यास मदत केली, काहींना केवळ गप्पांची सोबत दिली. पहिल्या गटात ३२ टक्के, तर दुसऱ्या गटात ८ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. प्रयोग लहान आहे. परंतु अन्न बदलले तर मन सावरू शकते, असे दाखवणारा तो महत्त्वाचा प्रयोग होय.

हे कसे घडत असावे? कोंडा-चोथ्याविना आतड्यातील उपयुक्त जंतू उपाशी राहतात. शरीरात मंद दाह वाढतो. रक्तातील साखर झपाट्याने चढते आणि उतरते. पोट भरते, पण मेंदूला लागणारी जीवनसत्त्वे, लोह, जस्त मिळत नाहीत. पांढऱ्या तांदळाचा जुना धडाच नव्या वेष्टनात परत आला आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आपल्या पूर्वसूरींनाही हे अगदीच अपरिचित नव्हते. शोकाकुल माणसासाठी जवाची पेज, अर्थात तलबीना, ही हदीसमध्ये उल्लेखिलेली परंपरा आपल्या अनेक घरांत माहीत आहे. युनानी वैद्यकाने आरोग्याचे सहा अत्यावश्यक आधार सांगितले, त्यांत खाणेपिणे आणि मनाची हालचाल व विश्रांती ही दोन्ही एकाच पंगतीत बसवली. तो विचार त्यांच्या काळाच्या ज्ञानाचा होता. पण अन्न आणि मन यांची फारकत त्यांनी केली नाही, हे खरे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

आता प्रश्न तुमच्या-आमच्या घराचा. रात्रपाळीहून आलेला मुलगा चहा-खारीवर झोपतो, दुपारी शेवयांचा पुडा, संध्याकाळी थंड पेय. तो चिडतो, झोपत नाही, कोणाशी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘मुलगा बिघडला’; कोणी म्हणते, ‘नजर लागली’. घरातली आई सर्वांना वाढून शेवटी उरल्यासुरल्यावर किंवा चहा-बिस्किटावर भागवते. ती थकते, रडते. आपण म्हणतो, ‘तिचा स्वभावच तसा’. वाचकहो, स्वभावाला दोष देण्याआधी एकदा ताटाकडे पाहा. ताटच सर्वस्वी जबाबदार असेल असे नाही. कर्ज, बेकारी, आजार, दुःख यांचे ओझेही मनावर असते. म्हणून केवळ अन्न सुधारून मनोविकार बरा होईल या भ्रमात राहू नये आणि चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांकडे जाण्यात लाज नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मनाचा त्रास सांगता येतो.

करण्यासारख्या गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आपल्या अंगणातला आहे. गिरणीवाल्याला कमी पॉलिश मागा. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकर करा. पाळीवर जाणाऱ्याच्या डब्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे द्या. इफ्तारीत रंगीत सरबताच्या बाटलीआधी खजूर आणि फळ असू द्या. निदान एक वेळ सर्वांनी एकत्र जेवा, आणि त्या पंगतीत आईचे ताट शेवटी नको, सर्वांबरोबर वाढा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक अभ्यास. पुड्यावरील घटक नियमाप्रमाणे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले तीन वाचा आणि घरी मोठ्याने सांगा. तुमच्या आजोबा-आजींना तेवढे वाचायला मिळाले नव्हते. मग आजीजवळ बसा आणि उखळाच्या दिवसांत घरात काय शिजत होते, ते तिच्याकडून वहीत लिहून घ्या. आंदर मावळच्या ताटाचा हा इतिहास अजून तिच्याच तोंडी आहे. तो लिहून ठेवण्याचे काम तुमचे आहे.